नोव्हेंबरातल्या सत्तेचाळीस खोल्या

बोर्गहिल्ड तोर्विकने एकतीस वर्षं एकाच बोटीवर खोल्या साफ केल्या. त्या एकतीस वर्षांत प्रवाशांनी तिला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न टॉवेलचा नव्हता आणि जेवणाच्या वेळेचाही नव्हता. ‘कुठल्या महिन्यात यावं?’ हा होता.

गंमत म्हणजे विचारणारा माणूस बोटीवर आलेलाच असायचा. तिकीट काढलेलं, बॅग खोलीत टाकलेली, नॉर्वेचा किनारा खिडकीतून सरकतोय, आणि हा बोळात उभा राहून, चादरींचा ढीग छातीशी धरलेल्या बाईला विचारतोय की उन्हाळ्यात बरं की हिवाळ्यात. आपण फसलो नाही ना, एवढंच त्याला कुणाकडून तरी ऐकायचं असायचं. कंपनीच्या पुस्तिकेत बाराही महिने एकाहून एक सरस. जानेवारी निळ्या उजेडाचा, मे पाखरांचा, नोव्हेंबर वादळाच्या थराराचा. ते लिहिणाऱ्याला बोर्गहिल्डला एकदा समोरासमोर गाठायचं होतं. सापडला नाही, हे त्याचं नशीब.

तिचं पंचांग वेगळं होतं. ते डोंगरावर किंवा आभाळात दिसायचं नाही, सतरंजीवर आणि उशीवर दिसायचं. जूनमध्ये रात्रभर ऊन. माणसं झोपत नाहीत, पडद्यांना टाचण्या मारतात, खिडकीवर पांघरुणं टांगतात, आणि न झोपलेल्या माणसाचा बिछाना झोपलेल्यापेक्षा जास्त चुरगळतो. सप्टेंबरात माणसं डोंगर चढून येतात, बुटांना चिखल आणि चादरीवर रानातल्या बेरींचे जांभळे डाग. ते डाग गरम पाण्यानं जात नाहीत, पक्के होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आभाळात हिरवा उजेड नाचायला लागला की बोटीवरच्या कर्ण्यातून पुकारा होतो, आणि माणसं पायजम्यावर कोट चढवून वर धावतात. परत येताना पायाला चिकटून येते बर्फावर टाकलेली खडी. तळव्याखाली ती खडी घेऊन माणसं सतरंजीवर चालतात आणि सकाळी बोर्गहिल्ड गुडघ्यावर बसून ती वेचते. एप्रिलमध्ये बर्फावरच्या उन्हानं तोंडं भाजलेली, उशांवर मलमाचे डाग.

आणि नोव्हेंबर म्हणजे ओकारीच्या पिशव्या. नोव्हेंबराबद्दल कुणी विचारलं की ती सरळ सांगायची, "येऊ नका. दुपारी दोनला अंधार, समुद्र खवळलेला, आणि डोंगर ढगात." एका अधिकाऱ्यानं ते एकदा ऐकलं आणि तिला कार्यालयात बोलावलं. त्याच्या टेबलावर हात टेकून ती म्हणाली, "खोटं बोलायचा पगार वेगळा लावा, मग बोलते."

अशी होती. शाळा नववीपर्यंत, पुढचं शिक्षण बोटीच्या तळाशी, इंजिनाशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत, उशाशी कामगार कायद्याचं पुस्तक घेऊन. अकरा वर्षं ती सफाई करणाऱ्या बायकांची प्रतिनिधी होती. एका बाईनं एका दिवसात अठरापेक्षा जास्त खोल्या करायच्या नाहीत, हा नियम तिनं भांडून लिहून घेतला. त्यासाठी चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत तिला ‘हडळ’ म्हणणारे लोक नंतर तोच नियम आपण आणला असं भाषणात सांगायचे. ती मागच्या रांगेत बसून ऐकायची आणि दात खायची.

तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात जवळच्या बाईशी मात्र तिचं फार बोलणंच झालं नव्हतं.

त्या बाईचं नाव ओस्ने. ओस्ने तिची पाळीची जोडीदार. ‘स्कार्वेन’ बोटीवर बावीस दिवस काम आणि बावीस दिवस घर असा रिवाज. बोर्गहिल्ड उतरली की ओस्ने चढायची, ओस्ने उतरली की बोर्गहिल्ड. एकच काम, एकच खोली, एकच अरुंद पलंग, एकच कपाट, उशाला एकच दिवा. एकोणीस वर्षं. भेट व्हायची ती बर्गनच्या धक्क्यावर, दहा मिनिटं, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात किल्ली जाईपर्यंत.

"दिवा लुकलुकतोय."

"बरं."

"विदारचं डोकं फिरलंय."

"कधी नव्हतं?"

"चल, बस चुकेल माझी."

बाकीचं टेबलाच्या खणात. चिठ्ठ्या. ‘तीनशे अठरामधले आजोबा दरवर्षीचे, त्यांना जादा पांघरूण दे, मागत नाहीत.’ ‘लोण्याचा डबा खिडकीत ठेवलाय. खिडकी नाही हे माहितीये. नळीमागे बघ.’ ‘आई गेली. पुढच्या पाळीला दोन दिवस उशिरा येईन, चालवून घे.’ बोर्गहिल्डने चालवून घेतलं आणि खणात चिठ्ठी ठेवली, ‘चादर नवी घातलीये. रड खुशाल, भिंती जाड आहेत.’

ओस्नेच्या केसांचा वास उशीला कसा लागतो हे तिला माहीत होतं. ओस्ने कुठल्या कुशीवर झोपते ते गादीच्या खळग्यावरून कळायचं. पण ओस्ने हसते कशी, जेवताना आवाज करते का, हे ठाऊक नव्हतं.

मग बोर्गहिल्डचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाला, सांधा झिजून गुळगुळीत झालाय, आता जिन्यांवर काम नाही. बासष्टाव्या वर्षी ती रोरविकच्या आपल्या घरी खुर्चीत बसली. ना नवरा, ना मूल. बोटी रोज संध्याकाळी धक्क्याला लागायच्या, एक उत्तरेला जाणारी, एक दक्षिणेला, आणि ती भोंग्यावरून ओळखायची कोण आलंय.

निरोपाला कंपनीनं एक पाकीट दिलं. तीस वर्षं झालेल्यांना एक पूर्ण सफर, बर्गनपासून किर्केनेसपर्यंत आणि परत, बारा दिवस, दोघांसाठी, वर्षभरात कधीही. ‘कधीही’च्या खाली बारीक अक्षरांत यादी होती. जून ते ऑगस्ट नाही. नाताळात नाही. अर्धा जानेवारी, फेब्रुवारी, मार्च नाही, कारण हिरव्या उजेडाला हल्ली गर्दी होते. मालकांना ज्या महिन्यांत गिऱ्हाईक मिळतं ते महिने वगळून उरलेलं सगळं वर्ष तुमचं.

डोंगर बघायची तिला हौस नव्हती. एकटीला बोट पुन्हा बघायचीही नव्हती. तिला हवं होतं एवढंच, की जिच्या अंथरुणात आपण एकोणीस वर्षं झोपलो त्या बाईच्या शेजारी बसून बारा दिवस काढावेत. नाहीतर हे पाकीट चुलीत घालावं. आणि ओस्नेला नोकरीची अजून दोन वर्षं होती, तोवर पाकिटाची मुदत संपलेली.

सोबत्याच्या रकान्यात तिनं ओस्नेचं नाव लिहिलं. आठवड्यानं कार्यालयातून एस्पेन नावाच्या माणसाचा फोन आला. आवाजावरून तिशीचा.

"इथे असं आहे की सोबती म्हणजे एकाच घरात राहणारी व्यक्ती पाहिजे."

"आहे ना. एकोणीस वर्षं एका खोलीत राहतोय आम्ही. पलंग एक, कपाट एक. आणखी काय दाखवू?"

"हो, पण... एका वेळी नाही ना."

"एका वेळी असं कुठं लिहिलंय, वाच बघू."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

"नाही लिहिलं."

"मग?"

"मी वर विचारतो."

"विचार. आणि वर हेही सांग, त्या खोलीला घर म्हणायला लाज वाटत असेल तर तसं लेखी द्या. त्या पत्राचं काय करायचं ते मी बघते."

तिसऱ्या दिवशी मंजुरी आली. ओस्नेला सांगायला तिनं फोन केला. एकोणीस वर्षांत पहिला.

"कोण?" ओस्ने ओरडली. मागे मेंढ्यांचा कालवा.

"मी. बोर्गहिल्ड. येतेस का बोटीवर? माणसासारखी, वरच्या मजल्यावर."

बराच वेळ नुसत्या मेंढ्या ऐकू आल्या.

"सुट्टीत त्या बोटीवर? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"येतेस का नाही ते सांग."

"कधी?"

"तू सांग. मे?"

"मेमध्ये मेंढ्या वितात."

"सप्टेंबर?"

"डोंगरावरून खाली आणायच्या असतात."

"ऑक्टोबर?"

"कापायच्या असतात."

"तुझ्या मेंढ्यांना सुट्टी कधी असते गं?"

"नोव्हेंबरात. मेंढा आत सोडलेला असतो, त्यांचं त्यांचं चाललेलं असतं. भाऊ चारा घालील."

 पाळ्यांचा तक्ता दोघींनाही पाठ होता. ओस्नेचे मोकळे बावीस दिवस, कंपनीचे बंद महिने आणि मेंढ्या एकमेकांवर ठेवल्या की खालून एकच भोक दिसत होतं, बारा नोव्हेंबर.

"लोकांना मी एकतीस वर्षं सांगत आले की—"

"मीपण," ओस्ने म्हणाली. "पिशव्या घेऊन ये."

बारा तारखेला संध्याकाळी दोघी बर्गनच्या धक्क्यावर भेटल्या. पाऊस आडवा येत होता. ओस्ने उंच, खांद्यातून वाकलेली, पाठीवर पिशवी आणि काखेत कापडात गुंडाळलेली वाळवलेल्या मटणाची तंगडी. "बोटीवरचं जेवण मी ओळखते," ती म्हणाली. किल्ली एकीनं दुसरीला द्यायची नव्हती, त्यामुळे हातांचं काय करायचं ते दोघींना कळेना. शेवटी ओस्नेनं तंगडी बोर्गहिल्डच्या हातात दिली आणि त्या चढल्या.

खोली पाचशे सोळा. दोन पलंग, खिडकी. ओस्ने दारातच थांबली. सवयीनं तिची नजर आधी कोपऱ्यांत गेली, मग नळाखाली.

"नळामागं पुसलेलं नाहीये."

"माझ्या जागेवर आलीये ना, दाइवा. लिथुएनियाची. ती चांगलं करते म्हणतात."

"करते. पण नळामागं नाही."

मग त्या आपापल्या पलंगावर बसल्या. साहेबाचं, म्हणजे विदारचं, विचारून झालं. दिव्याचं झालं. बोटीच्या नव्या रंगाचं झालं. दहा मिनिटं झाली असतील, आणि बोलणं संपलं.  बारा दिवस! अकरा वर्षं मालकांच्या नाकावर टिच्चून बोललेली बाई, आणि आता समोरच्या पलंगावरच्या माणसाला काय विचारावं ते सुचेना. बोट सुटल्याचा भोंगा झाला. ओस्ने म्हणाली, "जरा पडते," आणि बूट न काढता आडवी झाली.

त्या झोपल्या. नुसत्या झोपल्या. पहाटे स्टाडच्या मोकळ्या समुद्रात बोट आडवी-तिडवी झाली, बोळात कुणाचं तरी सामान गडगडत गेलं, तरी झोपल्या. जेवायला उठायच्या, समोरासमोर बसून गुपचूप जेवायच्या, ओस्ने चाकूनं तंगडीचे पातळ काप काढून बोर्गहिल्डच्या ताटात टाकायची, आणि परत जाऊन झोपायच्या. पुस्तिकेत ज्याला दोन पानं दिली होती तो अख्खा किनारा त्यांच्या पाठीमागून निघून गेला. तिसऱ्या संध्याकाळी रोरविकला बोट थांबली, बोर्गहिल्डच्या घरापासून चार मिनिटांवर, तेसुद्धा तिला कळलं नाही. चौथ्या सकाळी उत्तर ध्रुववृत्त ओलांडलं, रिवाजाप्रमाणे वर प्रवाशांच्या मानेत पळीनं बर्फ ओतला, किंचाळ्या खाली ऐकू आल्या. ओस्नेनं कूस बदलली. "मूर्ख," ती झोपेतच म्हणाली.

एवढी झोप बाकी होती अंगात. पण अधूनमधून जाग यायची तेव्हा बोर्गहिल्ड छताकडे बघत पडायची, आणि शेजारचा श्वास ऐकत विचार करायची, हे फुकट गेलं. पलंगाशी ओळख होती आपली, बाईशी नाही.

पाचव्या दिवशी न्याहारीला विदार आला. विदार म्हणजे बोटीवरच्या खोल्या आणि जेवणाचा प्रमुख. पंचेचाळीसचा, कडक कॉलरचा माणूस. आज कॉलरचं बटण उघडं होतं आणि डोळ्यांखाली काळं. तो टेबलाशी उभा राहिला आणि बोर्गहिल्डकडे न बघता बोलला.

"ओस्ने, एक मिनिट. तुरीडचं कळलं असेल. परवा वादळात जिन्यावरून घसरली, मनगट मोडलं, काल तिला बूदेला उतरवलं. दाइवा एकटी पडलीये."

"दोघीच होत्या?" बोर्गहिल्डने विचारलं.

"हिवाळ्यात दोघीच असतात आता." हे तो ओस्नेला म्हणाला. "दुसरं माणूस परवापर्यंत मिळत नाही. तुझी सुट्टी आहे, कबूल. दोनच दिवस. बदली रजा देईन. दाइवा काल रात्री अकरापर्यंत करत होती."

ओस्नेनं चाकू खाली ठेवला. तोंड पुसलं. उठली.

"बस," बोर्गहिल्ड म्हणाली.

"अगं, ती एकटी आहे खाली."

"बस म्हणते ना मी."

"तू बस!" ओस्नेचा आवाज चढलेला बोर्गहिल्ड पहिल्यांदा ऐकत होती. शेजारच्या टेबलावर चमचे थांबले. "तुझं सुटलंय. मला अजून दोन वर्षं याच्या हाताखाली काढायचीत. सत्तेचाळीस खोल्या लागल्यात वापरात. अठराचा नियम तूच लिहून घेतलास ना? मग उरलेल्या एकोणतीस कोण करणार? तुझा कागद?"

विदार जमिनीकडे बघत होता. हसला नाही, तेवढी अक्कल त्याला होती.

ओस्नेचं बरोबर होतं, आणि तेच बोर्गहिल्डला नडत होतं. चुकीच्या माणसाशी भांडणं सोपं असतं. ती आयुष्यभर तेच करत आली होती. आता समोर जे होतं त्यात ओस्ने खाली गेली की संपलं. दोन दिवसांचे चार होतील, चाराचे आठ. संध्याकाळी ओस्ने येऊन पडेल, आणि बारा दिवस संपले की एकमेकींना धक्क्यावर हात करून आपापल्या बसेस पकडायच्या. पुन्हा पाकीट नाही. आणि ओस्ने नाही गेली, तर ती दाइवा मरते.

तिनं भोजनगृहात नजर टाकली. रोज बघत होती, पण आत्ता माणसं मोजल्यासारखी बघितली. जुलैत इथे तीन पंगती बसायच्या, पाचशे माणसं, ओरडून सांगितलं तरी पहिली पंगत कॉफीवर आणि तिसरी अजून अंथरुणात. हिरव्या उजेडाच्या महिन्यांत माणसं रात्रभर जागून दुपारपर्यंत खाली येतच नाहीत. आणि आज सगळी बोट इथे बसली होती. जेमतेम ऐंशी माणसं, एकाच पंगतीत, लोकरी स्वेटरांत, थोडी हिरवट चेहऱ्याची, गुमान अंडी सोलत.

ती टेबलाला धरून उभी राहिली. गुडघा कटकन वाजला. तिनं चमचा घेऊन कपावर आपटला, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून किटलीवर आपटला.

"बोर्गहिल्ड," विदार दबक्या आवाजात म्हणाला. "नाही हं."

"सुप्रभात!" ती म्हणाली. आधी नॉर्वेजियनमध्ये, मग बोटीवर शिकलेल्या जर्मनमध्ये, ज्यात चादर, टॉवेल, आजार आणि उद्या एवढे शब्द पक्के होते, मग तसल्याच इंग्रजीत. "आज आणि उद्या तुमच्या खोल्या आवरल्या जाणार नाहीत. खोल्या आवरणारी एक बाई पडली, हात मोडला. राहिली एक. तिला सत्तेचाळीस खोल्या होणार नाहीत. तुमचा पलंग तुम्ही करा. नाही केलात तरी चालेल, न आवरलेल्या पलंगानं आजवर कुणी मेलेलं नाही, मी एकतीस वर्षं बघितलंय. टॉवेल दांडीवर वाळत घाला. कचरा दाराबाहेर ठेवा. ज्यांना खरंच जमत नाही, म्हातारे, आजारी, त्यांनी हात वर करा."

 मग खिडकीजवळचा एक लालबुंद इंग्रज म्हणाला, "हे कंपनीनं ठरवलंय का?"

"नाही. मी ठरवलंय."

"तुम्ही कोण?"

"खोली पाचशे सोळा."

कुठून तरी हसू फुटलं. एक जाडी जर्मन आजी, काठीवाली, तिनं आधी हात वर केला, मग खाली घेतला आणि शेजारणीला काहीतरी म्हणाली. बोर्गहिल्डला एवढंच समजलं की युद्धानंतर लहानपणी तिनं सहा भावंडांचे बिछाने केलेत, एक होईल. शेजारणीनं मात्र हात वर केला. मग एका म्हाताऱ्या जोडप्यानं. चेहरा पांढराफटक पडलेल्या एका बाईनं, जिला नुसतं बसवतही नव्हतं. इंग्रज बडबडत राहिला, त्याच्या बायकोनं त्याच्या दंडाला चिमटा काढला, तेव्हा थांबला.

बोर्गहिल्डने हात मोजले. "अकरा," ती विदारला म्हणाली. "खोल्यांचे नंबर लिहून घे. अकरा एक बाई करू शकते, जेवून करू शकते."

"तुम्हाला असं करता येत नाही," विदार म्हणाला. इतक्या वर्षांची अगं-तुगं सोडून तो ‘तुम्ही’वर गेला होता.

"का नाही? एक प्रवासी बाकीच्या प्रवाशांशी बोलली. कुठला नियम मोडला ते दाखव."

"मला वर कळवावं लागेल."

"कळव की. आणि हेही कळव की हिवाळ्यात दोघीच ठेवल्या म्हणून झालं. का ते मी कळवू?"

 मग त्याचे खांदे खाली आले. तोही तीन रात्री झोपला नव्हता, हे तिला आत्ता दिसलं, आणि दिसलं म्हणून तिनं पुढचं वाक्य गिळलं. फार क्वचित गिळायची. विदारनं खिशातून पेन काढलं, कागद सापडेना म्हणून टेबलावरच्या कागदी रुमालाचा तुकडा घेतला, आणि काठीवाल्या आजीच्या टेबलापासून नंबर लिहायला सुरुवात केली.

ओस्ने अजून उभीच होती. खुर्चीच्या पाठीवर तिचे हात, बोटांची पेरं सुजलेली.

"मला विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"माझ्या नोकरीचं काय होईल याचा विचार केलास?"

"तू काय केलंस? तू तर नुसती उभी होतीस. सगळ्यांनी बघितलंय."

"तोंड बघा हिचं." ओस्ने बसली. कॉफी गार झाली होती, ती तिनं तशीच प्यायली. "पुन्हा असं केलंस ना, तर उतरून जाईन मी."

"जा. पण दुपारी. ट्रॉम्सोच्या आधी धक्का नाही मोठा."

ओस्ने हसली नाही, पण नाकातून हवा सोडली. बोर्गहिल्डच्या लक्षात आलं की ती अशीच हसत असावी.

खिडकीबाहेर अजून उजाडायचं होतं. आभाळ शाईसारखं, डोंगरांच्या कडा तेवढ्या पांढऱ्या. भोजनगृह रिकामं होत गेलं. माणसं जरा घाईनंच खोल्यांकडे निघाली होती, काहीतरी काम मिळाल्यासारखी. काही वेळानं दाइवा दारातून डोकावली. चाळिशीची, ओठ फुटलेले, हातात विदारचा तो कागदी तुकडा.  दोघींकडे बघून मान हलवली आणि गेली.

"मला बरं वाटलं असतं," ओस्ने एकदम म्हणाली, "गेले असते तर."

"कळतंय."

"नाही कळत तुला. कौतुकासाठी नाही. बसून राहिलं की सगळं दुखायला लागतं गं. कामात कळत नाही. चार दिवस झाले, नुसती पडून आहे आणि एकेक जागा जागी होतेय." तिनं मानेमागे हात नेला, केसांच्या खाली. "हे इथलं बघ. हे त्या खालच्या खोलीतल्या पलंगाचं. डोक्याकडची फळी तिरकी आहे, आठवतंय?"

"फळीखाली पुठ्ठा कुणी घातला होता?"

"तू?"

"मग कोण, कप्तान? माझी पण मान तिथंच धरते. थोडी डावीकडे."

"दाखव."

बोर्गहिल्डने मान वळवून दाखवली. ओस्नेनं अंगठ्यानं दाबून बघितलं, मेंढी तपासावी तशी, आणि ओळखीची जागा सापडल्यासारखी हुंकारली. मग उजवा खांदा. तो ओस्नेचा, वरच्या पलंगांच्या चादरी खोचून गेलेला, ज्या वर्षी कंपनीनं जड गाद्या आणल्या त्या वर्षीचा. बोर्गहिल्डचा डावा, कारण ती डावखुरी. मग कोपर. कोपरावर बराच वेळ गेला, कारण तिथे ओस्नेच्या आईचं आजारपण आलं, मग भावाचं लग्न मोडलं ते आलं, आणि बोर्गहिल्डला एकदा एका इंजिनवाल्यानं मागणी घातली होती तेही आलं, जे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पाळी संपू दे, सांगते. पाळी संपली तेव्हा तो दुसऱ्या बोटीवर."

"शहाणा दिसतोय."

वाढपी येऊन टेबलं पुसून गेला, दुपारच्या जेवणाची ताटं मांडायला आला, तरी त्या उठल्या नाहीत. त्यानं त्यांच्या टेबलाभोवतीनंच मांडलं. ट्रॉम्सोचा पूल खिडकीत आला तेव्हा बाहेर पुन्हा अंधारायला लागलं होतं, आणि त्या दोघी अजून कमरेपर्यंतच पोचल्या होत्या.